जुन्या झाडीच्या वस्तीतली कुत्रे फिरवण्याची सेवा: कुठे भरवसा ठेवावा, कुठे अट घालावी

दगडी घरं, उंच झाडं, भर दुपारीही सावली. अशा जुन्या वस्तीत कुत्रा फिरवणं सोपं वाटतं, पण खरी कसोटी इथेच लागते. मुळांनी फरशा उचकटलेल्या असतात, लोखंडी फाटकांच्या गजांतून लहान कुत्रा सहज निसटतो, खारीमागे झेप घेणारा मोठा कुत्रा माणसाला पाडतो. घरोघरी जाऊन फिरवणाऱ्या आणि मालक नसताना प्राणी सांभाळणाऱ्या सेवेकडे आम्ही याच नजरेने पाहिलं. आमचं मत असं: घरी येऊन सांभाळणं उत्तम, एकेका कुत्र्याला फिरवणं चांगलं पण अटींसह, गटाने फिरवणं नको.

सेवेची सर्वात मोठी चूक सामानात आहे. फिरवणारे आपापला गुंडाळता येणारा, बटणाचा पट्टा आणतात. त्याची बारीक दोरी वेगाने सुटली की हाताची किंवा कुत्र्याच्या पायाची कातडी सोलते. शिवाय मूठ हातातून निसटली की ती मागे खडखडत येते. कुत्रा त्या आवाजाला घाबरून पळतो आणि पळेल तसा आवाज त्याचा पिच्छा करतो. दीड ते पावणेदोन मीटरचा, ठरावीक लांबीचा साधा पट्टा घरीच दाराजवळ टांगून ठेवा आणि तोच वापरायला सांगा.

हार्नेस, म्हणजे छाती-पाठीभोवती बसणारा पट्ट्यांचा साज, घालण्याचं काम मात्र ही मंडळी नीट करतात: दार बंद असताना, घराच्या आत. पट्टी आणि अंग यांच्यात दोन बोटं जावीत, तिसरं जाऊ नये. छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा बसणारा हार्नेस खांदे मोकळे ठेवतो. खांद्यांवरून आडवी पट्टी जाणारा चाल आखडवतो. घाबरट कुत्रा पुढे ओढून कमी सुटतो, मागे सरकून जास्त. म्हणून त्याच्यासाठी हार्नेस आणि गळपट्टा दोन्ही एका छोट्या दुव्याने जोडून घ्या. ग्रेहाउंडसारख्या कुत्र्यांचं डोकं मानेपेक्षा अरुंद असतं. साधा गळपट्टा त्यांच्या डोक्यावरून निघतो, ओढलं की आवळणारा मार्टिंगेल गळपट्टा निघत नाही.

तीस मिनिटांच्या फेरीनंतर फोनवर नकाशा येतो, किती चाललो ते अंतर येतं. हा अहवाल देखणा असला तरी फिरवणाऱ्याला चुकीची घाई लावतो. कुत्र्याची फेरी नाकाने होते. एकाच झाडाच्या बुंध्याशी चार मिनिटं हुंगणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याला पुढे रेटलं तर अंतर वाढेल, कुत्र्याला समाधान नाही. त्याऐवजी शी कशी झाली, लघवी किती वेळा झाली, कुठे लंगडला का, हे लिहून मागा. खाल्ल्यावर लगेच पळवू नये, विशेषतः खोल छातीच्या मोठ्या जातींना. त्यांच्या पोटाला पीळ पडण्याचा धोका असतो. उन्हात फरशीवर हाताचा मागचा भाग सात सेकंद ठेववला नाही, तर तिथे पंजेही टेकवू नयेत.

पानांचे ढीग टाळण्याची शिस्त आम्हाला कमी दिसली. त्यांत गोचीड असते, रानटी अळिंब्या असतात, काच असते. जुन्या बागांतली कण्हेर सगळीच्या सगळी विषारी, हृदयावर परिणाम करणारी. ताडासारख्या दिसणाऱ्या सायकस या शोभेच्या झाडाच्या बिया यकृत निकामी करतात. साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येऊ शकतात, म्हणून पिण्याचं पाणी घरून न्यावं. परतल्यावर बोटांच्या बेचक्या, कान आणि गळपट्ट्याखालची जागा तपासायलाच हवी. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. तिच्यावर तेल ओतू नये, काडीने चटका देऊ नये.

सांभाळण्याच्या कामात या सेवेचं मन दिसतं. पहिल्या भेटीत पशुवैद्याचा नंबर, औषधांच्या वेळा, भीती कशाची, कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या चिपचा पंधरा आकडी क्रमांक, सगळं विचारतात. चिपच्या नोंदीतला फोन नंबर चालू आहे का, एवढं मात्र विचारत नाहीत; ते तुम्हीच पाहा. पाणी मापाने भरतात, हे आम्हाला फार आवडलं. कोरडं खाणं खाणाऱ्या कुत्र्याला दिवसाला किलोमागे साधारण 50 ते 60 मिलिलिटर पाणी लागतं. दहा किलोच्या कुत्र्याचं भांडं संध्याकाळी भरलेलंच असेल तर काहीतरी बिघडलंय.

मांजरासाठी दिवसातून एक भेट पुरत नाही, दोन घ्या. बोका ट्रेमध्ये बसून कुंथतोय पण लघवी होत नाही, तर मार्ग तुंबलेला असू शकतो. सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा लागतो. मांजराने दिवसभर तोंडच लावलं नाही तरी पशुवैद्याला फोन हवा, कारण उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि लठ्ठ मांजराला हा धोका जास्त. इन्सुलिनवर असलेला प्राणी जेवला नसेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेहमीचा डोस देऊ नये. ही सूचना लेखीच द्या.

जुन्या घरांच्या दोन गोष्टी बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतात. पावसात लाकडी दार फुगतं, घट्ट बसल्यासारखं वाटतं, पण कडी बसलेली नसते. निघताना दार ओढून पाहणं आणि बंद दाराचा फोटो पाठवणं हे कामाच्या यादीत घाला. दुसरं, चौकटींचा जुना रंग शिसेयुक्त असू शकतो. पिल्लू ती लाकडं चावत बसणार नाही, अशी खोली सांभाळणाऱ्याला दाखवून ठेवा.

गटाची फेरी स्वस्त पडते, तरी आम्ही ती सुचवत नाही. अरुंद पदपथावर चार पट्टे एका हातात म्हणजे खार दिसताच गुंता. एक कुत्रा भुंकला की बाकीचेही ताठरतात, आणि समोरून येणाऱ्याला बाजूला व्हायला जागा नसते. एकाच घरातले, एकमेकांच्या सवयीचे दोन कुत्रे असतील तर दोघांना बरोबर पाठवायला हरकत नाही.