वेबपॅक-जेस्ट ठेवायचं की व्हीट-व्हीटेस्टवर जायचं?

रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्टच्या लायब्ररीवर लिहिलेलं आमचं ॲप पिंपळगाव बसवंत आणि दिंडोरीकडच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये चालतं. पेट्या, वजन, प्लॉट नंबर अशा नोंदी त्यात होतात. जानेवारी ते एप्रिल त्याला हात लावायची सोय नसते, म्हणून बिल्ड, म्हणजे कोडपासून ब्राउझरला चालणाऱ्या फाइली बनवायची पद्धत, बदलायचं काम आम्ही मे महिन्यात काढलं. ते काम वेबपॅक किंवा व्हीट करतं, आणि कोडच्या टेस्ट जेस्ट किंवा व्हीटेस्ट चालवतं. तुमच्या टीममध्ये हाच विचार चालू असेल, तर आधी मनातली भीती बाजूला ठेवा. रिअ‍ॅक्टचं ॲप उभं करून देणारं क्रिएट रिअ‍ॅक्ट ॲप हे साधन १४ फेब्रुवारी २०२५ ला मोडीत निघालं, पण त्याच्या पोटातलं वेबपॅक आणि जेस्ट दोन्ही जिवंत आहेत. जेस्ट २०२२ मध्ये ओपनजेएस फाउंडेशन या जावास्क्रिप्टची मुक्त साधनं सांभाळणाऱ्या संस्थेकडे गेलं आणि २०२५ च्या जूनमध्ये त्याची ३० वी आवृत्ती आली. तेव्हा घाईने पळून जाण्यासारखं काही नाही.

वेगाबद्दल सगळेच बोलतात. वेबपॅक आधी अख्खं ॲप बांधतं, मग पान दाखवतं. व्हीट ब्राउझर मागेल तेवढीच फाइल देतं. फरक पहिल्याच दिवशी जाणवतो.

मला मात्र टेस्टचा मुद्दा जास्त मोलाचा वाटतो. जेस्टची स्वतःची वेगळी चूल असते. फोल्डरला दिलेलं टोपणनाव वेबपॅकच्या कॉन्फिगमध्ये लिहा आणि जेस्टच्या कॉन्फिगमध्येही लिहा. एकदा आमच्याकडून एकाच जागी बदल झाला. बिल्ड व्यवस्थित, टेस्ट सगळ्या लाल, आणि दुपारभर आम्ही चूक कोडमध्ये शोधत होतो. शिवाय फक्त ईएस मॉड्यूलमध्ये (जावास्क्रिप्टच्या नव्या ‘इम्पोर्ट’ पद्धतीत) येणारं पॅकेज घेतलं की जेस्ट ‘कॅनॉट यूज इम्पोर्ट स्टेटमेंट आउटसाइड अ मॉड्यूल’ म्हणून अडतं, आणि अपवादांची यादी लांबत जाते. व्हीटेस्ट व्हीटचंच कॉन्फिग वाचतं. दोन-तीन माणसांच्या टीमला एवढ्या एका कारणासाठी मी व्हीटच सुचवेन.

टेस्ट हलवताना खोटं फंक्शन बनवणाऱ्या ‘जेस्ट.एफएन’चं ‘व्हीआय.एफएन’ करणं सोपं. अडकाल ते मॉकमध्ये, म्हणजे टेस्टपुरत्या खोट्या मॉड्यूलमध्ये. वजनकाट्याच्या मॉड्यूलचं आमचं मॉक थेट एक फंक्शन परत द्यायचं आणि जेस्ट त्यालाच डिफॉल्ट एक्स्पोर्ट (मॉड्यूल बाहेर देतं ती मुख्य गोष्ट) मानायचं. व्हीटेस्टला ऑब्जेक्ट लागतो आणि त्यात ‘डिफॉल्ट’ ही की स्वतः लिहावी लागते. अशी प्रत्येक फाइल डोळ्यांखालून घाला.

वेबपॅकवरच राहावं असे प्रसंगही आहेत. मॉड्यूल फेडरेशन (वेगवेगळ्या बांधलेल्या ॲपनी चालताना एकमेकांचा कोड वापरायची सोय) वापरत असाल किंवा फाइलींवर प्रक्रिया करणारे, स्वतः लिहिलेले वेबपॅकचे लोडर असतील, तर जे चाललंय ते चालू द्या. जुन्या फोनचाही विचार करा. व्हीटचं बिल्ड मुळात नव्या ब्राउझरसाठी असतं आणि कोणते ब्राउझर सांभाळायचे ते सांगणारी ब्राउझर्सलिस्टची यादी ते आपणहून वाचत नाही. पॅकहाऊसमध्ये सात-आठ वर्षांचे फोन सर्रास दिसतात, म्हणून आम्हाला जुन्या ब्राउझरसाठीही बिल्ड काढणारं लेगसी प्लगइन लावावं लागलं.

जायचं ठरलं तर आधी टेस्ट हलवा, मग बिल्ड. कोडमध्ये ‘इम्पोर्ट.मेटा.ईएनव्ही’ (सर्व्हरचा पत्ता वगैरे सेटिंग वाचायची व्हीटची पद्धत) आलं की जेस्ट कुरकुरायला लागतं. उलट व्हीटेस्टमध्ये जुनं ‘प्रोसेस.ईएनव्ही’ चालून जातं. दोन्ही एकाच कमिटमध्ये (कोडमधल्या बदलाच्या एकाच नोंदीत) तर मुळीच नको, कारण बिघडलं तर नेमकं कशामुळे तेच कळणार नाही. जेएसएक्स (जावास्क्रिप्टमध्येच लिहिलेलं एचटीएमएलसारखं मार्कअप) असलेल्या फाइलींचं एक्स्टेंशनही ‘.जेएसएक्स’ करून घ्या, साध्या ‘.जेएस’मध्ये व्हीट ते वाचत नाही.

आणि सेटिंगची ‘रिअ‍ॅक्ट_ॲप_’ने सुरू होणारी नावं ‘व्हीट_’ करताना एकही सोडू नका. आमचं एक राहिलं. बिल्ड झालं, व्हीटेस्टच्या सगळ्या टेस्ट हिरव्या, आणि लेबल छापायचं बटण दाबलं तर सर्व्हरच्या पत्त्याच्या जागी ‘अनडिफाइन्ड’. हे सापडलं ते प्लेराइटच्या एका टेस्टमुळे, जी ‘व्हीट प्रिव्ह्यू’वर, म्हणजे तयार बिल्डवर, खरा ब्राउझर उघडून तेच बटण दाबते. ती टेस्ट आता प्रत्येक बिल्डनंतर चालते.