डॅनबरी ट्रॅशर्सची इंदुरी जर्सी: छपाई झकास, शिवण अर्धवट, इतिहास चुकीचा

इंदुरातल्या परदेशीपुऱ्यातल्या एका रेडीमेड कारखान्याने बंद पडलेल्या अमेरिकी आइस हॉकी संघांच्या जर्सी काढल्या आहेत. मागाल ते नाव आणि नंबर टाकून मिळतो, सोबत संघाची माहिती छापलेले पोस्टकार्डाएवढे कार्ड, आणि किंमत 950 रुपये. सगळ्यांत जास्त उठाव आहे डॅनबरी ट्रॅशर्सच्या जर्सीला. निकाल आधीच सांगून टाकतो: टीव्हीसमोर बसून सामना बघताना घालायला बिनधास्त घ्या. इनलाइन हॉकी, म्हणजे एका रांगेत चाके असलेल्या स्केटवरची हॉकी, खेळताना घालायची असेल तर कापण्याआधीच माप बदलून घ्या. कार्ड मात्र कुणाला वाचायला देऊ नका. कारखान्याचे नाव लिहीत नाही, कारण त्या भागात सब्लिमेशनचे, म्हणजे कागदावरची छपाई गरम प्रेसने कापडात उतरवण्याचे, काम करणारे आणखीही आहेत आणि खाली सांगितलेल्या गोष्टी कुठेही गेलात तरी तपासाव्याच लागतील.

हा संघ इंदुरात का खपतो हे उघड आहे. 2017 पासून स्वच्छतेचा पहिला नंबर मिरवणाऱ्या आणि सकाळी कचरागाडीच्या गाण्याने जागे होणाऱ्या गावाला कचरा उचलणाऱ्या मालकाचा संघ आवडणारच. कनेक्टिकट राज्यातल्या डॅनबरीत जेम्स गॅलांटीचा कचरा वाहून नेण्याचा मोठा धंदा होता, ऑटोमेटेड वेस्ट डिस्पोजल ही त्याची कंपनी. 2004 साली त्याने युनायटेड हॉकी लीगमध्ये, म्हणजे यूएचएलमध्ये, नवा संघ घेतला आणि तो चालवायला दिला आपल्या मुलाला. ए. जे. गॅलांटी तेव्हा 17 वर्षांचा होता. पद साधेसुधे नव्हे, अध्यक्ष आणि जनरल मॅनेजर. पोराने मारामारी करणारे दांडगे खेळाडू गोळा केले आणि डॅनबरी आइस अरेना भरू लागले. तिथल्या सेक्शन 102 मधले प्रेक्षक तर पाहुण्या संघाला नको जीव करून सोडत.

कार्डावर यातले जवळजवळ काहीच नाही. जे आहे ते तीन ठिकाणी चुकलेले आहे. पहिली चूक, ‘एनएचएलचा प्रसिद्ध संघ’. एनएचएल म्हणजे नॅशनल हॉकी लीग, तिथली सगळ्यांत वरची लीग. ट्रॅशर्स तिच्यात कधीच नव्हते. वर एनएचएल, तिच्याखाली एएचएल, आणि त्याच्याही खाली ईसीएचएल आणि यूएचएलसारख्या लीग, अशी ती उतरंड होती. गोंधळ कुठून झाला असावा याचा अंदाज येतो. 2004-05 मध्ये मालक आणि खेळाडूंच्या वादात एनएचएलचा अख्खा हंगाम रद्द झाला आणि रिकामे बसलेले खेळाडू मिळेल तिथे खेळायला गेले. माइक रप हा त्यातलाच. 2003 च्या एनएचएलच्या स्टॅनली कप अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात न्यू जर्सी डेव्हिल्ससाठी निर्णायक गोल मारणारा हा गडी त्या हंगामात ट्रॅशर्सकडून उतरला. पण एनएचएलचा खेळाडू आला म्हणून संघ एनएचएलचा होत नाही.

दुसरी चूक जास्त महागात पडते, कारण ती कार्डावरून जर्सीवर आली आहे. डाव्या छातीवर ‘चॅम्पियन्स 2006’ असा गोल बिल्ला छापला आहे. ट्रॅशर्स 2006 मध्ये यूएचएलच्या कोलोनियल कपच्या अंतिम फेरीत पोचले हे खरे, पण तिथे कालामाझू विंग्जने त्यांना हरवले. कप विंग्जने नेला. (कपाला कोलोनियल म्हणतात कारण 1991 साली ही लीग कोलोनियल हॉकी लीग म्हणून सुरू झाली. यूएचएल हे नाव 1997 चे. 2007 मध्ये तिने इंटरनॅशनल हॉकी लीग असे नाव घेतले आणि 2010 मध्ये गाशा गुंडाळला.) ऑर्डर देतानाच हा बिल्ला काढायला सांगा. फाइलमध्ये तो वेगळ्या लेयरवर आहे, दोन मिनिटांचे काम. छापून झाल्यावर मात्र काही करता येत नाही. सब्लिमेशनचा रंग धाग्यात शिरलेला असतो, खरवडून निघत नाही.

तिसरी चूक संघ बंद पडण्याच्या कारणाची. कार्ड म्हणते, प्रेक्षक नसल्याने तोटा झाला. प्रेक्षकांची कमी नव्हती. जून 2006 मध्ये केंद्रीय तपास यंत्रणांनी गॅलांटीसह 29 जणांवर आरोप ठेवले. त्यांत जेनोव्हीज या न्यूयॉर्कच्या माफिया कुटुंबातला मॅथ्यू इयानिएलोही होता. मूळ प्रकरण कचऱ्याचे: कोणता रस्ता आणि कोणते गिऱ्हाईक कोणाचे हे कंपन्यांनी आपसात वाटून घ्यायचे, दुसऱ्याने त्यात शिरायचे नाही, आणि ही घडी टिकावी म्हणून वर हप्ता पोचवायचा. हॉकीचा भाग त्याला येऊन चिकटला. लीगने संपूर्ण संघाच्या पगारावर हंगामाला 2 लाख 75 हजार डॉलरची मर्यादा घातलेली होती. ती ओलांडता यावी म्हणून खेळाडूंना कचरा कंपन्यांत कागदोपत्री नोकऱ्या दाखवून वरचे पैसे दिले जात. गॅलांटीने 2008 मध्ये गुन्हा कबूल केला आणि त्याला 87 महिन्यांची शिक्षा झाली. संघ 2006 मध्येच संपला होता, दोन हंगाम खेळून. त्याच अरेनात पुढे डॅनबरी व्हेलर्स, मग टायटन्स आणि 2019 पासून हॅट ट्रिक्स असे संघ आले, म्हणजे गावाला हॉकी नको होती असेही नाही.

आता कापड. इथे कारखान्याला पैकीच्या पैकी नाही, पण चांगले गुण द्यावे लागतील. क्रिकेटच्या टी-शर्टला आपल्याकडे 140 ते 160 जीएसएमचे (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचे) डॉट निट, म्हणजे बारीक छिद्रांचे कापड, वापरतात. हॉकीला ते चालत नाही, पॅडच्या कडांवर घासून महिन्या-दोन महिन्यांत जाळी पडते. यांनी 200 जीएसएमचे पॉलिस्टर इंटरलॉक, म्हणजे दुहेरी विणीचे कापड, घेतले आहे. खांद्यावर दुहेरी थर आहे, कोपरावर नाही. कोपर हीच पहिली फाटणारी जागा, तेव्हा तिथे आतून त्याच कापडाचा चौकोन लावून मागा. कारखान्यात 60 रुपयांत होते. जर्सी शिवून झाल्यावर बाहेरच्या शिंप्याकडे नेलीत तर बाही उसवावी लागते आणि तो दुप्पट घेतो, त्यात त्याची चूक नाही.

छपाई ही या जर्सीची खरी जमेची बाजू. आधी सपाट तुकड्यांवर छापून मग शिवले आहे. शिवलेल्या पांढऱ्या जर्सीवर थेट प्रेस मारणारे बरेच असतात. तसे केले की काखेत आणि बाहीच्या घडीत रंग पोचत नाही, हात वर केला की पांढऱ्या रेघा दिसतात. ओळखायची खूण सोपी: काखेतली शिवण दोन बोटांनी ताणून बघा. इथे रंग शिवणीच्या आतपर्यंत आहे. गडद भागात प्रेसचे तापमान आणि वेळ नीट साधली आहे. साधारण 200 अंश सेल्सिअसला 45 ते 60 सेकंद लागतात. कमी पडले तर काळा रंग तपकिरी झाक मारतो, जास्त झाले तर कडा पसरतात आणि कापड पिवळटते. अक्षरांच्या कडांना भिंग लावून पाहिले तर दुहेरी सावली कुठेही नाही, म्हणजे प्रेस उचलताना कागद सरकलेला नाही. पावसाळ्यात ऑर्डर देऊ नका एवढेच सांगू. ट्रान्सफर कागद दमट हवा ओढतो, प्रेसमध्ये वाफ होते आणि रंगात बारीक ठिपके पडतात. श्रावणात काढलेल्या नगांच्या पाठीवर असे ठिपके आहेत, फेब्रुवारीतल्या नगांवर एकही नाही. कागद आधी काही सेकंद कोरडा गरम करून घेतला तर हे टळते, पण घाईत ते कोण करतो.

छातीवरचे बोधचिन्ह मात्र फसले आहे. इंटरनेटवरून उतरवलेले छोटे चित्र ताणून 30 सेंटिमीटर केले आहे. या आकाराला निदान 1,770 पिक्सेल रुंदी हवी, तेव्हा कुठे 150 डीपीआय, म्हणजे इंचाला 150 ठिपके, बसते. एका हातावरून कडा दातेरी दिसतात, रस्त्याच्या पलीकडून दिसत नाहीत. कोरलड्रॉमध्ये पुन्हा आखून घेतलेली व्हेक्टर (कितीही मोठी केली तरी कडा न फुटणारी) फाइल तुम्हीच दिलीत तर तीच छापतात, वेगळे पैसे घेत नाहीत. रंग मोबाइलच्या पडद्यावर पाहून ठरवू नका. त्याच मशीनवर त्याच कापडावर छापलेले रंगांचे तुकडे काउंटरवर टांगलेले आहेत, त्यावर बोट ठेवून सांगा. निळ्याचा जांभळा होण्याची तक्रार बहुतेक वेळा इथूनच सुरू होते.

लेबलवर किंवा कार्डावर चिन्हाच्या परवान्याबद्दल एक अक्षर नाही. स्वतःपुरती एक जर्सी आणि स्पर्धेत विकायला शंभर जर्सी यांत फरक आहे. स्पर्धेच्या आयोजकांनी चिन्ह सोडून फक्त रंगसंगती घ्यावी हे बरे.

सगळ्यांत कच्ची बाजू माप. साइजचा तक्ता सरळ क्रिकेटच्या टी-शर्टवरून उचललेला आहे. ‘एल’ जर्सी टेबलावर पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजली तर 22 इंच भरते. मोठ्यांच्या हॉकी जर्सीत तिथे 25 ते 26 इंच हवेत, कारण खाली खांद्याचे आणि कोपराचे पॅड असतात. खेळणाऱ्याने पॅड चढवूनच छातीवर टेप फिरवावी आणि वर चार इंच सोडावेत. बाही कोपराशी सपाट 8 इंचांपेक्षा कमी नको. ही आपली 6.5 आहे, कोपराचा पॅड आत अडकून वर सरकतो आणि स्टिक मारताना बाही दंडावर गोळा होते. कटिंग मास्टरला हे समजावताना ‘ढीली चाहिए’ म्हणून भागत नाही. तो ‘हो जाएगा भिया’ म्हणून फक्त घेर वाढवतो आणि बाही तशीच ठेवतो. आकडे कागदावर लिहून द्या, आणि प्रेसमध्ये कापड दोनेक टक्के आकसते ते मापात धरले आहे का हेही विचारा. पुढे दोन आणि मागे दोन चाके असलेल्या स्केटवर चेंडूने रोलर हॉकी खेळणाऱ्यांना एवढ्या ऐसपैस जर्सीची गरज नाही, त्यांना हा तक्ता चालून जाईल.

नंबर ठीक आहेत. पाठीवर 26 सेंटिमीटर, बाहीवर 10. आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाच्या नियमात पाठीवर 25 ते 30 आणि बाहीवर 10 सांगितलेले आहेत, त्यात हे बसते. ते छापलेले आहेत, व्यावसायिक जर्सीवर असतात तसे टविल या जाड कापडाचे तुकडे कापून शिवलेले नाहीत. 950 रुपयांत त्याची अपेक्षाही नाही. छापील नंबर हलका असतो आणि घामाने चिकटत नाही.

आणि मग येते फाइट स्ट्रॅप, जी नाहीच आहे. दुसऱ्या कुठल्या संघाच्या जर्सीत ती नसती तर गप्प बसलो असतो. पण मारामारीसाठी नावाजलेल्या ट्रॅशर्सची जर्सी पट्टीशिवाय म्हणजे कढी गोळ्यांशिवाय. पाठीकडच्या दुमडीच्या थोडे वर, आतून, एक पट्टी शिवलेली असते. ती पँटला अडकवायची. भांडणात समोरचा जर्सी धरून डोक्यावरून ओढतो, हात त्यात अडकतात आणि मग खुशाल ठोसे खा. पट्टी असली की जर्सी जागची हलत नाही. उलट चालही होती: बफेलो सेबर्सचा रॉब रे जर्सीतून झटक्यात बाहेर पडायचा, म्हणजे समोरच्याला धरायला काही उरायचे नाही. त्याच्यामुळे एनएचएलने 1990 च्या दशकात जर्सी बांधून न ठेवणाऱ्या भांडखोराला सामन्याबाहेर काढण्याचा नियम आणला.

इनलाइनमध्ये मारामारीला थारा नाही, तरी वाकल्यावर जर्सी पाठीवर चढू नये म्हणून पट्टी कामाची आहेच. लावून घेणे सोपे आहे. दोन इंच रुंद आणि आठ इंच लांब इलास्टिक घ्या. आतून आधी तीन इंचांचा दुहेरी कापडाचा चौकोन लावा आणि त्यावर इलास्टिकचे टोक चौकट आणि मध्ये फुली अशा टिपेने शिवा. नुसत्या कापडावर शिवले तर पहिल्या झटक्यात पट्टीसकट कापड फाटून येईल. दुसऱ्या टोकाला प्रेस बटण लावा, वेल्क्रो नको. वेल्क्रोची खरखरीत बाजू धुताना इंटरलॉकचे धागे ओढते. सुई बोथट टोकाची, निटच्या कापडाची, आणि दोरा पॉलिस्टरचा. टोकदार सुईने फासा तुटला की तिथून धाग्याची रेघ उसवत जाते. कारखान्यात याचे 80 रुपये सांगतात, पण काम ओव्हरलॉकवाल्या पोराकडे जाते आणि तो चौकोन विसरतो. समोर उभे राहून करून घ्या.

वेळ सांगतात आठ दिवस, लागतात बारा-पंधरा. रंगपंचमीच्या आधी जाऊच नका, गेरेच्या (रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या) टी-शर्टांखाली तुमची एक जर्सी कुठे दबेल पत्ता लागणार नाही. अ‍ॅडव्हान्स निम्माच द्या. उरलेले पैसे देण्याआधी जर्सी उलटी करून चार गोष्टी बघा: काखेतली शिवण, कोपराचा चौकोन, पट्टीची फुली आणि डाव्या छातीवर तो 2006 चा बिल्ला उरला तर नाही ना.