विजेची स्कूटर: पेट्रोल वाचलं, पण मीटर शंभराच्या पुढे गेला

गणपतीच्या आधी घेतली, आता शिमगा आला. चौल ते अलिबाग पंधराएक किलोमीटर, ह्यांची रोजची ये-जा. २५० वॅटची, ताशी २५ किलोमीटरची गाडी. लायसन्स नको, पासिंग नको. पोचायला पाऊण तास लागतो, लागू दे.

आज लिहायला बसले ते चार्जिंगचा सॉकेट गेला म्हणून. खाऱ्या हवेने पिना हिरव्या पडल्या. दुकानदार म्हणतो, पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही. समुद्रकाठच्या गिऱ्हाइकाला हे आधी सांगायला नको? शेवटी गावातल्या वायरमनने नवा सॉकेट बसवला, वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला. काम चोख.

पण माझा खरा राग बिलावर आहे. आमचं घर महिन्याला ७५-८० युनिटांत चालायचं. गाडीचे चाळीसेक वाढले आणि मीटर शंभराच्या पुढे गेला. महावितरणचा शंभरानंतरचा दर जवळजवळ दुप्पट! ‘दिवसाला दहा रुपयांत फिरा’ म्हणणारा कोणी ही पायरी सांगत नाही. ज्याचं बिल आधीच दोनशे युनिटांच्या घरात आहे, त्याला तर गाडीचं प्रत्येक युनिट महागच पडणार. पहिलं बिल आलं तेव्हा मी गाडी विकायला काढली होती.

मग हिशोब मांडला. वीज वाढली सव्वाचारशेची. बॅटऱ्या लेड-ॲसिडच्या, नवा सेट दहा-बारा हजारांचा. दीड वर्ष टिकेल असं धरून महिन्याला सहाशे बाजूला टाकते. झाले हजार-सव्वाहजार. बाइकला एवढ्याच फेऱ्यांना सोळाशेचं पेट्रोल जाईल. म्हणजे ठेवली, पण बॅटरीचे पैसे न धरता कोणी बचत सांगितली तर विश्वास ठेवू नका.

मी मात्र मागे बसत नाही. दोघं बसलो की चार्ज लवकर उतरतो, आणि मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं आहे. मिनिडोर रिक्षाला पूर्ण पैसे मोजण्यापेक्षा मी एसटीची वाट बघते.

आता चोकवाल्या ट्यूबलाइट काढून एलईडी लावल्या. इस्त्री आठवड्यातून एकदाच. गेल्या महिन्यात ११० युनिट आले. अजून दहा कमी करायचे आहेत.