एमसीआर चप्पल, सहा महिने: टाच, चक्की आणि शेवग्यावरचा तांबट

दिवाळीच्या पाडव्याला ही चप्पल पायात घातली, आता अक्षय्य तृतीया होऊन गेली. सहा महिने रोज वापरल्यावरच लिहायचं असं ठरवलं होतं, कारण आठ दिवसांत 'एकदम मस्त' लिहिणाऱ्यांच्या भरवशावर मी आधी दोनदा पैसे घालवलेत.

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात आमची आटाचक्की आहे. दिवसाचे सहा-सात तास सिमेंटच्या फरशीवर उभं राहायचं, तेही अनवाणी, कारण पिठाजवळ चप्पल नको हा सासूबाईंचा दंडक. मागच्या पावसाळ्यात उजवी टाच धरली. सकाळी बाजेवरून पाय खाली टेकला की सुई खुपसल्यासारखी कळ यायची. भिंतीला धरत मोरीपर्यंत गेलं की जरा सैल वाटायचं. "काहून लंगडून राहिली वं?" असं घरधन्यानं विचारलं तेव्हा महिना उलटून गेला होता. मग रुईचं पान ठेवून गरम विटेचा शेक सुरू केला. शेक असेतोवर बरं वाटे. एकदा वीट जास्त तापली, टाचेला फोड आला आणि ते प्रकरण तिथंच मिटलं.

एक्स-रेत टाचेचं हाड वाढलेलं दिसलं, तर अर्ध्या गावानं माझं ऑपरेशनच उरकून टाकलं! डॉक्टरीणबाई मात्र म्हणाल्या, असं हाड न दुखणाऱ्या टाचेतही सापडतं. दुखते ती टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत गेलेली तळव्यातली जाड पट्टी. रात्रभर ती आखडून राहते आणि सकाळच्या पहिल्या पावलाला एकदम ओढली जाते. प्लांटर फॅसायटिस म्हणतात त्याला. बहुतेकांचं ऑपरेशनशिवाय बरं होतं, पण कित्येक महिने लागतात. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या: अनवाणी उभं राहणं बंद, पोटरी-तळव्याचा ताण रोज, आणि एमसीआर चप्पल.

एमसीआर म्हणजे मायक्रो सेल्युलर रबर. आत हवेचे बारीक बारीक कप्पे असतात, अंगठ्यानं दाबलं की दबतं, सोडलं की वर येतं. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना हे रबर दुकानातून नाही, कुष्ठरोगाच्या कामातून ठाऊक आहे. बधिर पायाला जखम होऊ नये म्हणून त्या रुग्णांना ही पादत्राणं देत. वर्ध्याजवळचं 1936 सालचं दत्तापूरचं कुष्ठधाम काय, वरोऱ्याचं आनंदवन काय, सगळं आपल्याच बाजूचं. त्यामुळे शेजारच्या आजींनी चप्पल पाहिली आणि आवाज खाली करून विचारलं, "काय झालं वं बाई तुले?" टाच दुखते म्हटलं, तरी दोन दिवस त्यांचा विश्वास बसला नाही.

आता चपलेबद्दल. 650 रुपये पडले. पहिले पंधरा दिवस काही फरक नाही, उलट पाय रबरात रुतल्यासारखा वाटून चालताना तोल जाई. नाताळाच्या सुमाराला संध्याकाळची ठणक कमी झाली. चक्कीसाठी वेगळी, धुतलेली जोडी ठेवल्यावर सासूबाईंनीही मान्यता दिली. सकाळची कळ मात्र होती तशीच, कारण बाजेवर चप्पल काय करणार? तिथं ताणच हवा. दुपट्टा तळव्याला अडकवून पाय सरळ ठेवायचा, पंजा आपल्याकडे ओढायचा, तीस सेकंद धरायचा, असं तीनदा. करायला सोपं, पण इतकं कंटाळवाणं की आठवड्यातून चार दिवस मी ते चक्क टाळत होते.

माघ संपता संपता बाज मागच्या दारात, सांदवाडीकडे तोंड करून टाकली आणि तिथून गाडी रुळावर आली. शेवग्याच्या वाळक्या फांदीत तांबट पक्ष्यानं भोक पाडलं होतं. त्याचं टुक-टुक सुरू झालं की मी ताण धरायची. घड्याळ लावून पाहिलं, मिनिटाला शंभराच्या वर टुक भरतात. म्हणजे पन्नास टुक झाले की पाय सोडायचा. मधेच तो गप्प बसला तर माझी पंचाईत! फाल्गुनात बांधावरचा पळस फुलला आणि पळसमैनांचे थवे उतरले, गुलाबी अंग, काळं डोकं, आणि कलकल अशी की चक्कीचा आवाज बरा. एप्रिलच्या मध्यापर्यंत ते थवे दिसेनासे झाले. मध्य आशियाकडे जातात म्हणे अंडी घालायला. पहाटे दयाळ गायचा, पण खरं सांगायचं तर मला तिष्ठत ठेवलं शिंजिराच्या मादीनं. कपड्यांच्या तारेवर कोळ्याची जाळी, वाळकी पानं, आमच्याच घरातला कापूस असं काय काय आणून तिनं लोंबतं घरटं विणलं. नर जांभळा-काळा चमकत नुसता गात बसायचा, एक काडी आणली नाही. ताण संपल्यावरही मी दहा मिनिटं उठत नसे, आणि उठायची तेव्हा चपलेतच पाय घालून.

त्यामुळे आराम चपलेनं किती पडला आणि दुपट्ट्यानं किती, हे मला वेगळं काढता येत नाही. आज सकाळची कळ नावापुरती उरली आहे. परवा एका लग्नात दिवसभर साधी चप्पल घालून उभी राहिले, तर दुसऱ्या दिवशी टाच पुन्हा बोलली.

तक्रारीही आहेत. शेतात ही चप्पल नेऊ नका, बाभळीचा काटा त्या मऊ रबरातून आरपार येतो, माझ्या पायाला दोनदा आलाय. वेल्क्रोच्या पट्ट्यात कुसळं अशी अडकतात की सुईनं काढत बसावं लागतं. मोरीत घसरते. उजव्या टाचेखालचं रबर चौथ्या महिन्यातच बसलं, आता बोट दाबलं तरी वर येत नाही. सोबत घेतलेला सिलिकॉनचा हीलकप तर उन्हाळ्यात घामानं चिकटतो आणि पीठ धरतो, तो पेटीत पडून आहे. गोठवलेली पाण्याची बाटली तळव्याखाली लाटण्यासारखी फिरवणं चांगलं, पण लाइट असली तर बाटली गोठणार ना.

दहापैकी सात गुण. साखरेचा त्रास असेल किंवा पाय बधिर असेल तर माझं ऐकून नाही, डॉक्टरांना पाय दाखवूनच घ्या. दुसरी जोडी मी मागवली आहे. माप संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो, मला 6 ऐवजी 7 नंबर बसला. रंग काळा आणि तपकिरी, दोनच. पोरीच्या मते दोन्ही सारखेच वाईट दिसतात.