गाणं बंद पाडणारं ॲप: मल्टी साउंड लावावं की परवानगीच काढून घ्यावी?

एका ॲपची फीड सरकवताना म्यूट केलेला व्हिडिओ नुसता समोर आला तरी माझ्या कानातलं गाणं थांबायचं. त्या व्हिडिओचा आवाज येत नाही, मला तो ऐकायचाही नाही. आणि तो पुढे सरकला तरी गाणं आपणहून परत सुरू होत नाही. फोन आला की गाणं थांबणार, हे मान्य. पण ज्याला काही वाजवायचंच नाही त्याने दुसऱ्याचं बंद का पाडावं? या एका गोष्टीने माझा निर्णय ठरला, तेव्हा पुढचं सगळं त्याच चष्म्यातून वाचा.

ऑडिओ फोकसची, म्हणजे आवाज करण्याची पाळी कुठल्या ॲपची हे ठरवण्याची, पद्धत अँड्रॉइडमध्ये 2.2 पासून, म्हणजे 2010 पासून आहे. ॲप फोकस मागताना तो कायमचा हवा, थोड्या वेळापुरता हवा, की दुसऱ्याने नुसता आवाज कमी केला तरी चालेल, हे सांगतं. नकाशा वळण सांगताना बहुधा तिसरा प्रकार मागतो, म्हणून गाणं जरा दबतं आणि पुन्हा वर येतं. वर सांगितलेलं ॲप मात्र थेट कायमचा फोकस मागत असावं. मग प्लेअर नियमाप्रमाणे थांबतो आणि कुणी बोलावेल म्हणून वाटही बघत नाही. थोडक्यात, दोष प्लेअरचा नसतो.

तरीही पहिला उपाय प्लेअरच्या सेटिंगमध्येच शोधावा, कारण तो फुकटात होतो. अँटेनापॉड या पॉडकास्ट प्लेअरमध्ये दुसरा आवाज आला की व्हॉल्यूम कमी करण्याऐवजी थांबायला सांगता येतं. पॉडकास्ट किंवा ऑडिओबुक ऐकणाऱ्याला हेच बरं; बोलणं दबक्या आवाजात चालू राहिलं तर मधलं वाक्य हातचं जातं. पॉकेट कास्ट्स या तशाच दुसऱ्या ॲपमध्ये याच्या उलट, नोटिफिकेशनच्या वेळीही वाजत राहण्याचा पर्याय आहे. पण कायमचा फोकस गेला की या सेटिंग्ज फारशा कामी येत नाहीत. शिवाय अँड्रॉइड 12 पासून सिस्टिम स्वतः मध्ये पडते: दोन्ही ॲप्सनी कायमचा फोकस मागितलेला असेल आणि आधीचं गाणं वाजवत असेल, तर सिस्टिमच त्याचा आवाज विझवत नेते. प्लेअरने हट्ट धरून उपयोग नाही.

दुसरा पर्याय सॅमसंगच्या साउंड असिस्टंट या ॲपमधलं मल्टी साउंड. यात निवडलेलं ॲप बाकीच्यांच्या जोडीने वाजतं, कुणाला थांबवत नाही. त्याच ठिकाणी प्रत्येक ॲपचा व्हॉल्यूम वेगळा ठेवता येतो आणि खरं सांगायचं तर मला ती सोय मल्टी साउंडपेक्षाही आवडली. गेमचा आवाज खाली, गाण्याचा वर, झालं काम. गॅलेक्सी फोन असेल आणि तो कॉम्प्युटरला जोडण्याची वगैरे खटपट नको असेल, तर इथेच थांबायला हरकत नाही. अडचण एवढीच की फोन बदलून दुसऱ्या कंपनीचा घेतला की ही सोय मागे राहते.

तिसरा पर्याय दिसायला जरा रुक्ष आहे. कुठल्या ॲपला काय करू द्यायचं याची जी ॲपऑप्स नावाची यादी अँड्रॉइडच्या आत असते, तिच्यात 'टेक ऑडिओ फोकस' नावाची परवानगी असते. नेहमीच्या सेटिंगमध्ये ती दिसत नाही. एडीबीच्या (कॉम्प्युटरवरून फोनला हुकूम देण्याच्या साधनाच्या) एका कमांडने, किंवा शिझुकू (इतर ॲप्सना एडीबीचे अधिकार देणारं ॲप) चालू करून 'ॲप ऑप्स' याच नावाच्या किंवा तशा एखाद्या ॲपमधून, ती एखाद्या ॲपपुरती 'इग्नोर' करता येते. मग ते ॲप फोकस मागतं, सिस्टिम नकार देते, आणि गाण्याला त्याचा पत्ताही लागत नाही. फोन रीस्टार्ट केल्यावर शिझुकू पुन्हा चालू करावं लागतं, पण आधी केलेला बदल तसाच राहतो.

याचे तोटे आहेत. नकार मिळाला तर वाजवू नये, असा गूगलचा डेव्हलपरांना सल्ला आहे. तो पाळणाऱ्या ॲपचं प्ले बटण दाबलं तरी काहीच होत नाही, आणि का होत नाही हेही ते सांगत नाही. न पाळणारी ॲप्स गाण्यावरच सुरू होतात, तेव्हा खरंच व्हिडिओ बघायचा असेल तर गाणं स्वतः थांबवावं लागतं. आणि ही परवानगी घुसखोर ॲपचीच काढायची, प्लेअरची नव्हे. प्लेअरची काढली तर एकतर तो वाजतच नाही, नाहीतर दुसऱ्या कुणाला फोकस मिळाल्याचं त्याला कळतच नाही आणि नकाशा बोलत असतानाही तो जोरात वाजत बसतो.

आयफोनवाल्यांसाठी यात फार काही नाही. दुसऱ्याच्या आवाजात मिसळायचं की त्याला थांबवायचं, हे तिथे ॲप बनवणाराच ठरवतो आणि वापरणाऱ्याला ॲपनिहाय बटण मिळत नाही. आयओएस 15 पासून आलेले बॅकग्राउंड साउंड्स तेवढे इतर आवाजांसोबत चालतात. पण तो पावसाचा किंवा लाटांचा आवाज, गाणं नव्हे.

अँड्रॉइड 15 साठी बनवलेल्या ॲपला स्क्रीनवर समोर असल्याशिवाय किंवा फोरग्राउंड सर्व्हिस (नोटिफिकेशन दाखवून मागे चालू राहणारं काम) चालू असल्याशिवाय फोकस मागता येत नाही. चांगलंच आहे, पण फीड आपण समोर उघडूनच बघतो, त्यामुळे माझ्या दुखण्यावर तो उपाय नाही.

दोन आवाज मुद्दाम एकत्र हवे असतील, उदाहरणार्थ गेम आणि गाणं, तर मल्टी साउंड जास्त सुटसुटीत वाटेल. एकच आगाऊ ॲप छळत असेल, तर मला तिसरा मार्ग बरा वाटतो: कुठल्याही कंपनीचा फोन चालतो आणि एकदा केलं की विसरून जाता येतं. नाहीच पटलं तर त्याच जागी 'अलाउ' करायचं. माझ्यावर अजून तशी वेळ आलेली नाही.