तंबाखू आणि दारू: एकदम काय सोडावं?

श्रावण लागला की आपल्या खान्देशात दोन्ही सोडायच्या शपथा होतात. तंबाखू एका दिवसात बंद केली तरी जिवाला धोका नाही. चिडचिड होते, झोप मोडते, हात सारखा चुन्याच्या डबीकडे जातो.

दारूचं तसं नाही. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं ती अचानक तोडली, तर काही तासांतच हात थरथरतात, घाम फुटतो. एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. पुढे भ्रम होतो, भिंतीवर नसलेले किडे दिसतात. यात माणूस दगावूही शकतो. घरचे म्हणतात, बाहेरचं लागलं, आणि भगताकडे नेतात. अशा वेळी थेट सिव्हिल गाठावं. शपथ घ्यायच्या आधीच डॉक्टरांना भेटलेलं जास्त बरं. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६.