बागेतली ओपन जिम: कोणत्या यंत्रावर वेळ द्यावा, कोणतं सोडून द्यावं

महापालिकेच्या बागेत भडक रंगाची आठ-दहा यंत्रं आणि शेजारी कुणाच्या निधीतून बसवली त्याचा फलक, हे दृश्य आता पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत सगळीकडे दिसतं. फी नाही, फॉर्म नाही, बाग उघडी असेपर्यंत कुणीही यावं. यावर खरंच व्यायाम होतो का, असं बरेच जण विचारतात. होतो, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याला तर चांगलाच होतो. मात्र सगळ्या यंत्रांची लायकी सारखी नाही. अर्धा तास कुठे घालवला, यावर सगळं अवलंबून आहे.

आधी यंत्रं चालतात कशी ते बघा. यांना वजनाच्या प्लेटा नसतात. चेस्ट प्रेसचं हँडल पुढे ढकललं की दांड्यांच्या जोडणीमुळे आपली सीटच वर उचलली जाते, म्हणजे आपण स्वतःच्याच वजनाचा काही हिस्सा ढकलत असतो. पन्नास किलोच्या बाईला तिच्या बेताचा भार मिळतो, नव्वद किलोच्या गड्याला त्याच्या बेताचा. चुकून जास्त वजन लावून खांदा दुखावण्याची भीती त्यामुळे राहत नाही. तोटाही त्यातच आहे: भार वाढवायची सोय नाही. दीड-दोन महिन्यांत शरीराला तेवढ्या वजनाची सवय होते, मग माणसं साठ-सत्तर वेळा भराभर हँडल हलवतात आणि फरक का पडत नाही म्हणून यायचं बंद करतात.

चेस्ट प्रेस आणि त्याच खांबाच्या पाठीमागचा पुलर, म्हणजे हँडल ओढायचं यंत्र, ही जोडी सगळ्यात कामाची. सीटवर पाठ पूर्ण टेकवून बसा. हँडल छातीच्या रेषेत आलं पाहिजे. बुटक्या माणसाला ते गळ्याशी येतं, तेव्हा बसायच्या जागी टॉवेलची जाड घडी ठेवा. कोपर अंगापासून फार फाकवू नका. दोन आकडे मोजत ढकला, कोपर ताठ व्हायच्या जरा आधी थांबा आणि तीन आकडे मोजत परत या. श्वास ढकलताना सोडायचा. रक्तदाब असलेल्यांनी श्वास कोंडून जोर लावणं कटाक्षाने टाळावं. परत येताना सीट सोडून दिली की ती धाडकन आपटते. तिथलं रबराचं बूच बहुतेक ठिकाणी वर्षभरात गायब झालेलं असतं, त्यामुळे हा दणका एकीकडे कमरेला आणि दुसरीकडे वेल्डिंगला बसतो. पुलरवर मान आणि खांदे वर उचलून ओढू नका. आधी खांद्याची पाती खाली-मागे घ्या, मग कोपर ओढा. दिवसभर खुर्चीत वाकून काम करणाऱ्यांना बागेतल्या कुठल्याही यंत्रापेक्षा पुलरचा उपयोग जास्त.

रोअर, म्हणजे वल्हं मारल्यासारखं ओढायचं यंत्र, तोही चांगला. पाय, पाठ आणि हात एकदम कामाला लागतात, दमही लागतो. पाठ गोल करून झुलायचं नाही. पायांनी आधी रेटा, मग हात ओढा.

लेग प्रेसवर गर्दी सगळ्यात जास्त, कारण त्यावर निवांत बसता येतं. समोरासमोर दोन सीट, मधे खांब, पायांनी रेटलं की सीट मागे झुलते. पण चालण्या-चढण्याची सवय असलेल्या पायांना दोन्ही पायांनी रेटणं फारच हलकं पडतं. एका पायाने करा, दुसरा पाय हवेत ठेवा, म्हणजे तोच भार एका पायावर येतो. बारा-बारा वेळा केलं तरी मांडी भरून येईल. गुडघा आत कलू देऊ नका. तो पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. गुडघेदुखी असणाऱ्यांनी दोन्ही पायांनी, कमी वाकवून सुरुवात करावी. बाकीच्यांनी शेजारच्या बाकड्यावरून हात न टेकता उठ-बस केली तर ती या यंत्राच्या वरचढ ठरते.

एअर वॉकर म्हणजे हवेत चालायचं यंत्र. लहान मुलांना हेच आवडतं आणि पडापडही याच्यावरच जास्त होते. पाय लंबकासारखे झुलतात, अडथळा जवळजवळ नाही, म्हणून ताकद यावर वाढत नाही. सांधे मोकळे करायला तीन-चार मिनिटं ठीक. झोका लहान ठेवा. मोठा झोका घेतला की कंबर मागे कमानीसारखी वाकते आणि दुखायला लागते. उतरताना घाई करू नका. दोन्ही हातांनी दांडी धरून पाय एका रेषेत आणा, हलणं पूर्ण थांबू द्या, मग एक पाय जमिनीवर ठेवा. दुसरा उचलताना रिकामी पायपट्टी परत येऊन नडगीवर आदळते, ती पायानेच अडवून धरा. दोन्ही पाय जोडून झोके घेणाऱ्या मुलांना समजावून उतरवा, त्याने सांध्यातली बुशिंग, म्हणजे आतल्या नळ्या, लवकर झिजतात.

ट्विस्टर, म्हणजे फिरत्या तबकडीवर उभं राहून कंबर फिरवायचं यंत्र. त्याच्याबद्दल स्पष्ट लिहायला हवं, कारण त्याच्या फलकावर ‘पोटाची चरबी कमी होते’ असं बऱ्याच बागांत लिहिलेलं असतं. कंबर फिरवून पोटाचीच चरबी वितळत नाही. चरबी सगळ्या अंगाची मिळून कमी होते आणि त्यात आहाराचा वाटा मोठा. शिवाय कमरेच्या मणक्यांना गोल फिरणं मुळात फार थोडंच जमतं. तबकडीवर झटके देत फिरलं की ताण नेमका तिथेच येतो. मणक्याच्या गादीचा त्रास, हाडांची ठिसूळता किंवा चक्कर येण्याची सवय असेल तर ट्विस्टरवर चढूच नये. इतरांनीही सोडला तर काही बिघडत नाही.

शोल्डर व्हील, म्हणजे हाताने फिरवायचं मोठं चाक, खांदा आखडलेल्यांसाठी मोलाचं आहे. मधुमेहींमध्ये खांदा आखडण्याचं प्रमाण जास्त असतं, त्यांनी हे रोज करावं. चाकाचा मध्य खांद्याच्या उंचीला येत नसेल तर थोडं मागे उभं राहा, सावकाश दहा फेरे एका दिशेने, दहा उलटे. ताण जाणवला पाहिजे, कळ यायला नको. खांद्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

सायकलची सीट पुढे-मागे होत नाही, उंच माणसाचे गुडघे छातीशी येतात. त्यापेक्षा बागेच्या ट्रॅकवर भरभर चाललेलं बरं.

सगळ्यात दुर्लक्षित वस्तू म्हणजे पुल-अप्सचा साधा बार. एकही पुल-अप येत नसला तरी नुसतं लटका, पंधरा ते वीस सेकंद. पकड सुधारते, खांदे मोकळे होतात. बारवर रंगाचे जाड थर असतील तर घामाने हात सटकतो, खिशात रुमाल ठेवा.

आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक, एवढं पुरे: पाच-सात मिनिटं भरभर चाल, मग बाकड्यावरून उठ-बस बारा, चेस्ट प्रेस पंधरा, पुलर पंधरा, एका पायाने लेग प्रेस बारा-बारा, रोअर पंधरा, बारला लटकणं. पहिले दोन आठवडे याचा एकच फेरा, पुढे दोन, मग तीन. शेवटी शोल्डर व्हील. तिन्ही फेरे सहज व्हायला लागले की किती वेळा करायचं ते वाढवू नका, परत येताना तीनऐवजी पाच आकडे मोजा. तेही सोपं झालं की चेस्ट प्रेस सोडून जोर मारायला लागा: आधी खांबाला हात टेकून, मग बाकड्याच्या कडेवर, मग जमिनीवर. उठ-बशीच्या जागी बैठका येतील. आपल्या तालमी याच दोन गोष्टींवर उभ्या राहिल्या, बागेतल्या यंत्रांनी तिथपर्यंत पोचवलं तरी त्यांचं काम झालं. उरलेल्या दिवशी चाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत मोठ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगितला आहे. वरच्या क्रमात दोन्ही बसतं.

यायचं बंद होतं ते बहुधा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, कारण वजनकाटा हललेला नसतो. काट्याऐवजी दुसरं मोजा. हात छातीशी दुमडून ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते पहिल्या दिवशी लिहून ठेवा आणि दर महिन्याला त्याच खुर्चीवर पुन्हा मोजा. हा आकडा वजनाच्या आधी हलतो आणि तो बघून उमेद येते. सकाळी साडेसहा ते आठ यंत्रांना रांग असते; ज्याला वेळ बदलता येतो त्याने बाग उघडताच यावं किंवा संध्याकाळी. रोज त्याच वेळी येणाऱ्या दोन-तीन जणांशी ओळख करून घ्या. न आल्यावर ‘काल दिसला नाहीत?’ असं विचारणारं कुणी असलं की खाडा कमी होतो. झालाच, तर सलग दुसरा होऊ देऊ नका. पावसाळ्यात पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरतं, तेव्हा घरीच बैठका आणि जिना.

अंगावर ओढणी किंवा पदर असेल तर तो नीट खोचून घ्या, फिरत्या सांध्यात अडकतो. स्लिपर घालून पायपट्टीवर चढू नका.

बसण्याआधी दहा सेकंद यंत्र बघा. खांब हाताने हलवा. डुलत असेल तर पायाचे बोल्ट सैल आहेत. बुडाशी पाणी साचून गंजाचे पापुद्रे सुटलेत का, पायपट्टीच्या जोडाला चीर आहे का, हँडलचं रबर फाटून पत्रा बाहेर आलाय का, ते पाहा. करकर आवाज म्हणजे बेअरिंग कोरडं पडलंय. ग्रीस दिलं तर ते यंत्र पुढे वर्षानुवर्षं चालतं, नाही दिलं तर आधी आवाज, मग डुगडुग, मग मोडतोड. तक्रार उद्यान विभागाकडे किंवा वॉर्ड ऑफिसला करताना ‘यंत्र खराब आहे’ एवढंच लिहू नका. कुठली बाग, कुठलं यंत्र, कुठला जोड, आणि जवळून काढलेला फोटो द्या, म्हणजे येणारा माणूस योग्य सामान घेऊन येतो.

नव्या यंत्रांसाठी निधी येणार असेल तर रहिवाशांनी मागणी आधीच लेखी द्यावी. ट्विस्टर आणि सायकली नकोत. त्या पैशात दोन वेगवेगळ्या उंचीचे बार, पॅरलल बार, चेस्ट प्रेस-पुलरच्या दोन जोड्या आणि एक रोअर मागा. लोखंड नुसतं पावडर कोटिंग केलेलं नको, गरम जस्तात बुडवून गॅल्व्हनाइज केलेलं हवं. रंगाला ओरखडा गेला तरी खालचं जस्त गंज अडवतं, आणि कोकणातल्या खाऱ्या हवेत तर याला पर्याय नाही. कामाच्या करारात वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, ग्रीस आणि बोल्ट आवळणं लिहून घ्या.